साताऱ्यातील रेसिंग सिम्युलेटर आणि न्युर्बुर्गरिंगचा उत्तर फेरा

पोवई नाक्याच्या परिसरात सुरू झालेल्या रेसिंग सिम्युलेटर (पडद्यासमोर बसून शर्यतीची गाडी चालवल्याचा अनुभव देणारे यंत्र) केंद्राची साताऱ्यातील गाडीवेड्या मंडळींमध्ये सध्या बरीच चर्चा आहे. तेथे बुद्ध सर्किट, मोंझा यांसारखे अनेक मार्ग उपलब्ध असले, तरी या परीक्षणासाठी मी एकच मार्ग निवडला आहे, तो म्हणजे जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा उत्तर फेरा, अर्थात नॉर्डश्लाइफ. सपाट आणि गुळगुळीत मार्गावर बहुतेक सिम्युलेटर बऱ्यापैकी वाटतात. चढ, उतार, पुढचे काहीच न दिसणारी वळणे आणि जुना खडबडीत रस्ता हे सारे एकत्र आले, की यंत्राची आणि ते जुळवणाऱ्या माणसाची खरी परीक्षा होते.

हा मार्ग मुळातच डोंगरातला आहे. आयफेल पर्वतराजीतील आदेनाऊ गावाच्या आसमंतात, बेरोजगारांच्या हाताला काम मिळावे हाही हेतू ठेवून, १९२५ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि जून १९२७ मध्ये तेथे पहिल्या शर्यती झाल्या; मोटारींच्या शर्यतीत रुडोल्फ काराचिओला मर्सिडीझ घेऊन विजयी ठरला. उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही फेरे जोडले, तर त्या काळी एकूण लांबी २८ किलोमीटरच्या वर जात असे. आज उत्तर फेरा २०.८३२ किलोमीटरचा आहे. आपल्या ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे, म्हणजे त्याचे चार फेरे मारले, तरी येथील एक फेरा पुरता भरत नाही. शिवाय बुद्ध सर्किटची वळणे थोड्याशा सरावाने पाठ होतात, तर येथे सत्तरहून अधिक वळणे असून त्यांपैकी कित्येक झाडीमुळे आणि उंचवट्यांमुळे एकमेकांसारखीच भासतात.

केंद्रात दोन खुर्च्या आहेत. स्टिअरिंग थेट विजेच्या मोटरला जोडलेले असल्याने त्याचा प्रतिसाद जोरकस आणि स्पष्ट आहे, तीन पडद्यांची मांडणी योग्य कोनात केलेली आहे आणि वातानुकूलन व्यवस्थित चालते. चपला दाराशी काढून मोजे घालून बसावे लागते. पेडलवर पाय घसरू नये म्हणून ही सूचना रास्तच आहे, मात्र मोजे घरून न्यावेत, कारण तेथे ठेवलेले मोजे वापरण्याचा धीर सर्वांनाच होईल असे नाही. प्रणाली असेटो कोर्सा या शर्यतीच्या संगणकीय खेळाची असून तिच्यातील नॉर्डश्लाइफ प्रत्यक्ष रस्त्याचे लेझरने मोजमाप घेऊन तयार केलेला आहे. या मोजमापाचा फायदा पडद्यावरील झाडांपेक्षा हाताखालच्या रस्त्यात अधिक जाणवतो.

मार्गावरील फ्लुगप्लाट्झ या भागातील उंचवट्यावर गाडी हलकी होते, तेव्हा स्टिअरिंगमधील ताण अचानक निघून जातो आणि क्षणभराने, चाके पुन्हा जमिनीवर दाबली गेली की, तो परत येतो. फुक्सरोअऱ्हेचा उतार सरळसोट भासतो, परंतु तळाशी रस्ता एकदम वर उचलला जातो, आणि त्या ठिकाणी खऱ्या गाडीत चालकाचे अंग आसनात दाबले जाते. केंद्रातील खुर्ची जागची हलत नसल्याने हा अनुभव येथे मिळत नाही. ही या यंत्रणेची सर्वांत मोठी मर्यादा होय. त्यापुढे कालेनहार्ड आणि वेअरझाइफेनवरून ब्राइडशाइडच्या पुलापर्यंत उतरताना मात्र पसरणी किंवा यवतेश्वरच्या घाटात नेहमी गाडी चालवणाऱ्याला आपली जुनी सवय उपयोगी पडते. वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करायचा, खालचा गिअर आधीच टाकायचा आणि वळणाच्या पोटात ब्रेकला हात लावायचा नाही, हा घाटाचा नियम येथे जसाच्या तसा लागू होतो. पुलापासून पुढे होहे आख्टपर्यंत रस्ता सुमारे ३०० मीटर चढतो आणि साध्या गाडीचे इंजिन त्या चढावर चांगलेच दमते.

या चढावरच कारुसेल हे वळण येते. आतील बाजूचा उतरता काँक्रीटचा पट्टा मुळात पाणी वाहून जाण्यासाठी होता, पण चालकांनी त्यातूनच चाके घालून वेळ वाचवण्याची युक्ती काढली. ही युक्ती काराचिओलाने रूढ केल्याचे सांगतात, म्हणून त्याचे नाव या वळणाला जोडले जाते. पट्ट्यात उतरल्यावर काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याचा ठोका वेगळा हाताला लागतो, मनगटे थरथरतात, आणि बाहेर पडताना स्टिअरिंग किंचित लवकर सरळ केले तर गाडी पट्ट्याच्या काठावर आपटून बाहेरच्या बाजूला फेकली जाते. एवढ्या एका वळणासाठीही या केंद्राला भेट द्यावी, असे माझे मत आहे.

केंद्राच्या सजावटीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. भिंतीवर फॉर्म्युला वनचा चालक निकी लाउडा याच्या पेटलेल्या फेरारीचे मोठे छायाचित्र लावलेले आहे आणि त्याखाली काहीही माहिती दिलेली नाही. १ ऑगस्ट १९७६ रोजी बेर्गवेर्क या वळणाच्या अलीकडे ही गाडी रस्ता सोडून आदळली आणि पेटली. लाउडाला बाहेर काढले ते मागून आलेल्या सहस्पर्धकांनी, कारण एवढ्या लांब मार्गावर प्रत्येक ठिकाणी वेळेत मदत पोहोचवणे व्यवस्थेच्या आवाक्यात नव्हते. शर्यतीपूर्वी या मार्गाच्या सुरक्षिततेवर आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द लाउडाच पुढे होता. सहा आठवड्यांनी तो मोंझाला पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. जॅकी स्ट्युअर्टने १९६८ मध्ये धुक्यात आणि पावसात येथे चार मिनिटांहून अधिक आघाडीने विजय मिळवला, आणि तरीही या मार्गाला हिरवा नरक म्हणणारा तोच. १९७० मध्ये चालकांनी येथे शर्यत करण्यास नकार दिल्यामुळे ती हॉकेनहाइमला हलवावी लागली, त्यानंतर कठडे बसवण्यात आले, काही उंचवटे कमी करण्यात आले, आणि तरीही १९७६ नंतर फॉर्म्युला वन उत्तर फेऱ्यावर परतली नाही. हा सारा इतिहास बाजूला ठेवून केवळ ज्वाळा टांगणे मला रुचले नाही. त्या जागी वळणांच्या नावांसह मार्गाचा नकाशा लावला, तर नव्या ग्राहकाला खुर्चीत बसण्याआधी दोन गोष्टी शिकता येतील. इतिहासच दाखवायचा तर १९५७ ची हुआन मान्युएल फांजिओची शर्यत आहे. पिटमध्ये, म्हणजे गाडीची देखभाल करण्याच्या जागी, वेळ गमावल्यावर त्याने फेऱ्यामागून फेरा विक्रम मोडत पुढे गेलेल्या दोन्ही फेरारींना गाठले आणि पाचवे विश्वविजेतेपद निश्चित केले.

माझा मुख्य आक्षेप आकारणीच्या पद्धतीवर आहे. अर्ध्या तासाचे तीनशे रुपये हा दर साताऱ्याच्या मानाने अवाजवी नाही, पण तो छोट्या मार्गांचा विचार करून ठरवलेला दिसतो. स्टेफान बेलोफने १९८३ मध्ये पोर्श ९५६ मधून हा फेरा ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत पूर्ण केला आणि तो विक्रम २०१८ मध्ये टिमो बर्नहार्डने ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांची नोंद करेपर्यंत टिकला. नवख्याला मात्र रस्त्यावरच्या साध्या गाडीत एका फेऱ्याला दहा मिनिटे सहज लागतात. त्यात गाडी कठड्यावर आदळली की ती थेट पिटमध्ये परत येते आणि वीस किलोमीटरचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. परिणामी बरेच जण अर्ध्या तासात कारुसेलपर्यंत पोहोचतच नाहीत आणि मार्ग कंटाळवाणा असल्याचे सांगत निघून जातात. या एका मार्गापुरती फेऱ्यांच्या हिशेबाने आकारणी करता येईल काय, याचा केंद्रचालकांनी जरूर विचार करावा.

केंद्रातील तरुण सहायक विनम्र आणि तत्पर आहे, परंतु तो प्रत्येकाला आपणहून फॉर्म्युला वनची गाडी देतो. ती नाकारावी. खरा नॉर्डश्लाइफ शर्यती नसतात तेव्हा ठरावीक वेळी सर्वसामान्यांसाठी खुला असतो, आणि त्या वेळी त्याचा दर्जा एकेरी वाहतुकीच्या टोल रस्त्याचा असतो. लोक स्वतःच्या घरच्या गाड्या (२०२४ पर्यंत मोटारसायकलीही) तेथे घेऊन जातात, उजवीकडून चालतात आणि केवळ डावीकडूनच पुढे जाऊ देतात. टोल भरून जिथून निघालो तिथेच परत यायचे आणि तरीही तक्रार करायची नाही, हे आनेवाडीच्या रांगेत थांबणाऱ्यांना पटणे कठीण आहे. साध्या हॅचबॅकने सुरुवात करून पडद्यावरील मार्गदर्शक रेषा बंद करण्यास सांगितले, तर मार्गाचे खरे स्वरूप समोर येते.

रविवारी संध्याकाळी, कासहून परतणाऱ्या मोटारसायकलस्वारांची गर्दी असल्याने, तासभर थांबावे लागू शकते. आठवड्यातील दुपार निवडावी. आधी फोन करून खिडकीकडची खुर्ची मागून घेतलेली बरी, कारण दारालगतच्या खुर्चीचा ब्रेक इतका सैल झालेला आहे की वेअरझाइफेनच्या उतारावर तो किती दाबावा याचा अंदाजच येत नाही.