दुसरे बटण कुठे गेले? शोधयंत्राच्या नव्या मांडणीचा आठ महिन्यांचा अनुभव

मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असल्यामुळे दिवसातून पन्नास-साठ वेळा तरी शोधयंत्राकडे जावे लागते. गावाच्या नावाचे लेखन तपासायचे असते, लेखातले हिरड्याच्या पानाचे वर्णन फोटोशी जुळते का ते पाहायचे असते, बातमीची तारीख पडताळायची असते. ज्या शोधयंत्रावर माझा हात बसला आहे, त्याच्या निकालांविषयी माझी फारशी तक्रार नाही. मराठी शब्दांची ऱ्हस्व-दीर्घाची चूक ते आता बऱ्यापैकी सांभाळून घेते. तक्रार आहे ती निकालांच्या वरच्या ओळीतल्या बटणांची.

पूर्वी या ओळीत ‘सर्व’च्या शेजारी ‘चित्रे’ असे आणि ते तिथेच असे. आठ महिन्यांपूर्वी मांडणी बदलली, आणि तेव्हापासून बटणांचा क्रम आपण काय शोधतो त्यावर ठरू लागला. ‘हिरडा’ लिहिले तर दुसऱ्या जागी ‘चित्रे’, ‘राधानगरी’ लिहिले तर ‘नकाशे’, ‘कोयना’ लिहिले तर ‘बातम्या’, आणि ‘पैठणी’ लिहिताच थेट ‘खरेदी’. पैठणीच्या काठावरचा मोर पाहण्यासाठी सवयीने दुसऱ्या जागी क्लिक केले की किमतींची रांग उघडते. मग मागे यायचे, ओळ वाचायची, ‘चित्रे’ चौथ्या जागी सापडतात. कधी ‘अधिक’च्या आत दडलेली असतात. यात जातात चार-पाच सेकंदच, पण डोक्यात धरून ठेवलेले वाक्य तेवढ्यात निसटते आणि प्रूफावरची ओळ पुन्हा वरून वाचावी लागते.

रोज वापरणाऱ्या माणसाचा हात बटणावरचा शब्द वाचत नाही, तो जागा ओळखतो. स्वयंपाकघरात मिठाचा डबा अंधारातही हाताला लागतो तसे हे आहे. क्वचित वापरणाऱ्याला अंदाजाने पुढे आणलेले बटण उपयोगी पडत असेल, हे मी मान्य करते. पण ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये कमी वापरातल्या आज्ञा मेनूतून आपोआप दडवल्या जात, आणि ऑफिस २००७ मध्ये वर्ड व एक्सेलमधले ते मेनू जाऊन त्यांच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली.

गंमत अशी की, पान उघडत असताना त्यावरचा मजकूर अचानक किती सरकतो हे मोजण्याचे एक माप गूगलने २०२० पासून संकेतस्थळांसाठी पुढे केले आहे. त्याला ‘क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट’ म्हणतात आणि ते ०.१ किंवा त्याहून कमी असले तर चांगले मानतात. निकालांच्या मधे उशिरा उगवणारी चौकट बोटाखालचा दुवा खाली ढकलते, तो दोष या मापात दिसतो. मात्र एका शोधात दुसऱ्या जागी असलेले बटण पुढच्या शोधात चौथ्या जागी गेले, तर हे माप काहीच नोंदवत नाही, कारण प्रत्येक पान आपापल्या जागी स्थिरच असते.

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत, वय ७६. फोटो कसे पाहायचे हे मी त्यांना वहीत लिहून दिले होते: ‘वरच्या ओळीत दुसरे बटण.’ तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, “अगं, तुझ्या दुसऱ्या बटणावर साड्या विकायला काढल्यात.” वहीतली ओळ आता त्यांनी स्वतःच दुरुस्त केली आहे, ‘दुसरे’ खोडून वर ‘असेल तिथले’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आहे.

सेटिंग्जमध्ये क्रम कायम ठेवण्याचा पर्याय मी शोधला. मला तो सापडला नाही. अभिप्रायाच्या चौकटीत दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. शेवटी फायरफॉक्स या ब्राउझरमधली एक जुनी सोय कामी आली: चित्रांच्या निकालपानाचा बुकमार्क करायचा, त्याच्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह व त्याला जोडून इंग्रजी छोटा ‘एस’ घालायचा आणि बुकमार्कला एक आखूड कीवर्ड, म्हणजे खुणेचा शब्द, द्यायचा. मग पत्त्याच्या पट्टीत तो कीवर्ड आणि पुढे ‘पैठणी’ लिहिले की सरळ चित्रेच उघडतात, वरची ओळ पाहावीच लागत नाही. लॅपटॉपवर महिनाभर असेच काम चालले आहे. फोनवर मला हे जमलेले नाही. तिथे अजून ती ओळ अंगठ्याने सरकवत ‘चित्रे’ कुठे गेली ते पाहावे लागते.