ईसीजी की होल्टर?

छातीत मधूनच धडधड होते, दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते आणि ईसीजी येतो नॉर्मल. यात ईसीजीची चूक नाही. नेहमीचा ईसीजी हृदयाचे जेमतेम 10 सेकंद टिपतो. दिवसाला हृदय साधारण एक लाख वेळा धडकतं, त्यातले हे दहा-पंधरा ठोके.

होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र, मात्र 24 ते 48 तास छातीला चिकटून राहतो. जिना चढताना, झोपेत, भांडताना, सगळं नोंदलं जातं. सोबत वही ठेवायची: ‘4.10, चक्कर आली’. मग त्या मिनिटाची नोंद उघडून पाहता येते. ही वही लिहायचा कंटाळा केला तर निम्मी तपासणी वाया, असं मला वाटतं. चिकटपट्टीखाली खाजतं आणि बहुतेक यंत्रं लावून आंघोळ करता येत नाही, ते वेगळंच. (नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर वाहावं लागे, वजन सुमारे 38 किलो!)

धडधड चालू असेल तर ईसीजीच. एट्रियल फिब्रिलेशनमधले (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते तो आजार) अनियमित ठोके तिथल्या तिथे दिसतात. छातीत दुखतंय, घाम फुटलाय? तेव्हा होल्टरचा विचारही नको, तातडीने ईसीजी. महिन्यातून एकदाच त्रास होत असेल, तर होल्टरही हुकतो. तिथे आठवडे-महिने चालणारा रेकॉर्डर लागतो.