सीबीटी की एमसीटी: डोक्यातला भुंगा थांबत नसेल तर

डोक्यात विचारांचा भुंगा लागतो, काही केल्या थांबत नाही, आणि थेरपी घ्यायची इथपर्यंत तुमचं ठरलंय. आता प्रश्न उरतो तो कुठली घ्यायची याचा. सेशन म्हणजे काय, कसं चालतं हे तुम्ही वाचलेलं असणार, त्यामुळे त्यात जात नाही. मी आधी पाचेक महिने सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, घेतली. मग बराच काळ काहीच नाही. त्यानंतर एमसीटीची, म्हणजे मेटाकॉग्निटिव्ह थेरपीची, दहा सेशन्स. माझं शिक्षण या विषयातलं नाही, दोन्हींमधून गेलेला माणूस एवढ्याच नात्याने लिहितोय.

आधी एक महत्त्वाचं. विचार धावतायत, तीन-चार तासच झोप होतेय आणि तरी थकवा नाही, उलट भलताच उत्साह, बोलण्याचा वेग वाढलेला, पैसा हातात ठरत नाही, असं असेल तर तो मॅनिया असू शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, थेरपीचं नंतर बघू. थायरॉइड वाढल्यावरही जीव असाच सैरभैर होतो, ती रक्ततपासणी करून टाका. एकच नकोसा विचार परत परत येतो आणि तो शमवायला कुलूप तपासणं, हात धुणं चालू असेल, तर त्या आजाराला ओसीडी म्हणतात, आणि त्यासाठी ईआरपी ही वेगळी पद्धत आहे: भीतीला सामोरं जायचं, पण ती शमवणारी कृती करायची नाही. आणि जगणंच नको वाटत असेल तर हे वाचत बसू नका, आत्ता कुणाशी तरी बोला.

आता सीबीटी. १९६०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी ती उभी केली, आणि तिच्यामागे इतक्या दशकांचं संशोधन आहे की कुठलाही डॉक्टर पहिलं नाव तिचंच घेईल. मला तिने खूप दिलं. ‘साहेब माझ्यावर नाराज आहेत’ ही बातमी नसून माझा अंदाज आहे, हे मला तिशी ओलांडल्यावर तिथे पहिल्यांदा कळलं. समोरच्याच्या मनातलं आपल्याला कळतंय असं धरून चालणं, राईचा पर्वत करणं, या सवयींना नाव मिळालं की त्या पकडता येतात. आणि प्रत्यक्ष करून बघायचे प्रयोग तर उत्तमच. मीटिंगमध्ये मुद्दाम एक प्रश्न विचारायचा आणि खरंच कुणी हसतं का ते बघायचं. कुणी हसलं नाही.

माझं अडलं ते वहीपाशी.

सीबीटीत विचारांची नोंद ठेवायची असते. रकाने आखायचे: काय घडलं, मनात काय आलं, भावना किती टक्के, विचाराच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, मग समतोल विचार, आणि पुन्हा भावना किती टक्के. एका संध्याकाळी साहेबांचा दोन शब्दांचा मेल आला, ‘उद्या बोलू.’ रात्री मी वही उघडली. बाजूने नऊ पुरावे निघाले, विरुद्ध अकरा. त्या अकरांतले दोन मी ओढूनताणून आणलेत असं वाटलं, ते खोडले. आता नऊ-नऊ. समतोल विचार चार वेळा लिहिला, कारण प्रत्येक वेळी तो पुरेसा समतोल आहे की नाही याचीच शंका यायची. घड्याळात पावणेतीन वाजले होते. भीती ऐंशी टक्क्यांवरून चाळीसवर आली, मी दिवा मालवला, आणि अंधारात बारावा मुद्दा सुचला. दिवा पुन्हा लावला.

ही एकच रात्र असती तर मी सोडून दिलं असतं. पण हे आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं. ज्याला आधीच प्रत्येक गोष्टीचा कीस पाडायची सवय, त्याच्या हातात वहीने आणखी बारीक किसणी दिली होती. थेरपिस्टला सांगितलं तेव्हा त्यांनी सांभाळून घेतलं, दिवसातून एकच नोंद करा म्हणाले. ती एक नोंद मी दिवसभर मनात घोळवायचो. दोष कदाचित माझाच असेल, किंवा आमची जोडी जमली नसेल. पुष्कळांना हीच वही तारते, हे मी जवळून पाहिलंय.

एमसीटी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांची. तिचं म्हणणं असं की वाईट विचार सगळ्यांनाच येतो आणि बहुतेकांचा येऊन जातो. आपण त्याला धरून बसतो, त्याचा माग काढतो, त्याच्याशी वाद घालतो, दुखणं तिथे आहे. म्हणून विचार खरा की खोटा यात ही थेरपी फारशी शिरतच नाही. दुसऱ्याच सेशनमध्ये मी साहेबांच्या मेलची गोष्ट सुरू केली, तर थेरपिस्ट बाईंनी मधेच विचारलं, “यावर इतका वेळ विचार केल्याने तुम्हाला काय मिळतं?” मी पटकन म्हणालो, “तयारी होते. गाफील राहत नाही.” त्या म्हणाल्या, “आणि थांबवायचं ठरवलं तर?” मी म्हटलं, “थांबवणं माझ्या हातात नाही.” माझा सगळा आजार या दोन वाक्यांत होता. काळजी कामाची आहे, आणि काळजी आवरत नाही. पुढची आठ सेशन्स याच दोन समजुतींवर गेली.

त्यासाठी दिलेलं काम साधं होतं. विचार आला की त्याला ‘संध्याकाळी साडेसहाला’ असं सांगायचं. साडेसहाला पंधरा मिनिटं हवी तेवढी काळजी करायची मुभा, पण सक्ती नाही. पहिल्या आठवड्यात मी इमानदारीने घड्याळ लावून बसायचो. तिसऱ्या आठवड्यात साडेसहा वाजून गेल्याचं जेवताना लक्षात आलं. जे हाताबाहेर आहे असं मी वीस वर्षं मानत होतो, ते पुढे ढकलता येत होतं.

एक घोळ मात्र मी केला, तो तुम्ही टाळा. पुढे ढकलणं म्हणजे दाबणं नव्हे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं, तर अस्वल वारंवार येतच राहिलं. विचार दारात उभा आहे, असू दे, आपण हातातलं काम करत राहायचं. हा फरक शब्दांत कळायला मला एक मिनिट लागलं आणि अंगवळणी पडायला दीड महिना.

लक्ष वळवण्याचा सरावही असतो, साधारण बारा मिनिटांचा. वेगवेगळे आवाज ऐकायचे, एकावर टिकायचं, मग भराभर बदलायचं, शेवटी सगळे एकदम ऐकायचे. कंटाळवाणा आहे, पण करा.

एमसीटीच्या उण्या बाजूही आहेत. रीतसर प्रशिक्षण घेतलेले थेरपिस्ट सहज सापडत नाहीत, मला शोधायला चार महिने लागले. संशोधनही सीबीटीच्या मानाने कमी. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका चाचणीत, सततच्या चिंतेच्या आजारावर, एमसीटीने ६५ टक्के आणि सीबीटीने ३८ टक्के लोक बरे झाले; पण माणसं ८१च होती आणि संशोधकांत वेल्स स्वतः होते, त्यामुळे मी त्या आकड्यांवर फार भार देत नाही. आणि सुरुवातीला आपलं दुःख कुणी ऐकूनच घेत नाही असं वाटतं. जवळचं माणूस नुकतं गेलं असेल, घरात खरोखरचं संकट असेल, तर त्या काळात मला ही थेरपी सोसली नसती.

तुमची भीती एखाद्या ठरावीक गोष्टीची असेल, चारचौघांत बोलणं, प्रवास, परीक्षा, तर बिनधास्त सीबीटी घ्या. विषय रोज बदलतो आणि भुंगा तोच राहतो, असं असेल तर माझ्या मते एमसीटीचा माणूस शोधण्याची खटपट करावी. नाहीच सापडला, तर सीबीटीवाल्या थेरपिस्टना पहिल्याच भेटीत विचारा, “रात्री दोन वाजता मी विचारात अडकलो, तर त्या क्षणी काय करायचं?” उत्तर ‘लिहून काढा’ असं आलं, तर तुमची लिहिण्याची तऱ्हा कशी आहे ते त्यांना तिथेच सांगून टाका. मी ते सांगायला चार महिने लावले.