बडोद्यातून मोसमी वारे बघायला: अर्थ नलस्कूल

अर्थ नलस्कूल म्हणजे जगभरचे वारे आणि समुद्र हलत्या नकाशावर दाखवणारी वेबसाइट. फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. दांडिया बाजारातल्या शाळकरी मुलालाही झेपेल, पण नीट वापरलं तर.

डाव्या खालच्या कोपऱ्यातला मेनू उघडा, उंची 850 हेक्टोपास्कल निवडा (इथे उंची हवेच्या दाबाच्या या एककात देतात; 850 म्हणजे जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर). जुलैत सोमालियाजवळून अरबी समुद्र ओलांडणारा वाऱ्याचा झोत लगेच दिसतो. आपला पाऊस याच्यावरच. तारीख 27 ऑगस्ट 2024 करा: बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर आणणारा भोवरा गुजरातवरच फिरताना सापडेल. 250 वर गेलात की जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा.

खरी मजा समुद्रात आहे. मेनूत समुद्र निवडून पाण्याच्या तापमानाची सरासरीपासूनची तफावत लावा आणि ग्रीनलंडच्या दक्षिणेला जा. जग तापत असताना तिथला एक पट्टा बऱ्याचदा थंड दिसतो. अटलांटिकचं उलथापालथीचं अभिसरण (गरम पाणी वरून उत्तरेला, थंड पाणी बुडून खालून दक्षिणेला) मंदावत असल्याची ती खूण, असं अनेक संशोधक मानतात. वितळत्या बर्फाचं गोडं पाणी हलकं, म्हणून खाली बुडत नाही आणि हे चक्र मंदावतं.

इथेच लोक फसतात. नकाशा एका दिवसाचा, हवामानबदल दशकांचा. एक वाकडातिकडा जेट बघून माणसाला दोषी ठरवता येत नाही. शिवाय वाऱ्याचे आकडे म्हणजे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, संगणकी प्रारूपाचं गणित. धुरामुळे ऊन अडून मोसमी वारे क्षीण होतात, ओझोनच्या छिद्राने दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे ध्रुवाकडे सरकवले. हे कारण-कार्य इथे कुठेच लिहिलेलं नाही, आधी वाचून यावं लागतं.

जुन्या फोनवर ॲनिमेशन अडखळतं. संगणकच बरा.