यूनेम की एलएससीपीयू: प्रोसेसर कोणता, हे कुणाला विचारावं?

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर उतरवायला गेलं की पहिला प्रश्न येतो: एक्स८६_६४ (इंटेल-एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर) हवं की आर्म६४ (आर्म जातीचे ६४ बिट प्रोसेसर)? टर्मिनलमध्ये उत्तर देणाऱ्या दोन कमांड हाताशी असतात.

'यूनेम -एम' एका शब्दात सांगते: 'एक्स८६_६४', 'एआर्च६४' (म्हणजे आर्म६४च), 'आय६८६' (३२ बिटचं). लिनक्स, मॅक, बीएसडी, सगळीकडे चालते. स्क्रिप्टमध्ये मी हीच वापरते. पण हे उत्तर चिपचं नसतं, कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं असतं. ६४ बिटच्या जुन्या लॅपटॉपवर कुणी ३२ बिटचं लिनक्स टाकलं असेल, तर ती 'आय६८६' म्हणते, आणि चांगलं यंत्र उगाच निकामी ठरवलं जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'एलएससीपीयू' फक्त लिनक्सवर. तिची आर्किटेक्चरची पहिली ओळही कर्नलकडूनच येते, म्हणून तिथे थांबू नका. खालची 'ऑप-मोड'ची ओळ वाचा. इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर तिथे ३२ आणि ६४ बिट दोन्ही दिसले, तर प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. मॉडेलचं नाव, कोअर, कॅश हेही मिळतं. जुनं यंत्र तपासायचं तर हीच कमांड.

रास्पबेरी पाय या आर्म चिपच्या छोट्या संगणकावर मात्र दोन्ही अपुऱ्या पडू शकतात. तिथे कर्नल ६४ बिटचं आणि वरचे प्रोग्राम ३२ बिटचे असू शकतात. 'यूनेम' 'एआर्च६४' सांगते, पण पॅकेज 'आर्मएचएफ'चं, म्हणजे ३२ बिट आर्मचं लागतं. अशा वेळी पॅकेज सांभाळणारी कमांड 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' चालवा आणि तिचंच ऐका.