जिम सोडली, पण खात्यातला हप्ता सुटेना

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं जी जिम आहे, तिच्याबद्दल लिहिते आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या खेड्यातल्या पोरींनी वाचावं, आणि ज्यांच्या खात्यातून फी कापली जाते त्या त्यांच्या वडिलांनीही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. अमरावती जिल्ह्यातला आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जुलैत पाऊस लागला की काळी माती पायाला अशी चिकटते की पांदणीनं धावणं सोडा, चालणं होत नाही. शाळेच्या मैदानात पाणी साचलेलं. भरतीत मुलींना ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पावसाळाभर सराव बुडाला तर हे ५० गुण कुठून आणायचे? म्हणून मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी जिम लावली. सकाळची पहिली वेळ फक्त मुलींची. ट्रेडमिल चालू असतात, बंद पडून धूळ खात नाहीत. शिकवणारी ताई तर फारच चांगली. चार किलोचा गोळा नुसत्या हाताच्या जोरावर जात नाही, पाय आणि कंबर आधी वळली पाहिजे, हे तिनं हात धरून शिकवलं. माझा गोळा तिच्यामुळं लांब जाऊ लागला. व्यायामासाठी मी या जिमला पाचपैकी साडेचार देते.

राग आहे तो पैशाच्या व्यवहाराचा.

बाहेरच्या फलकावर लिहिलंय, महिना ९९९ रुपये. काउंटरवर रोख घेत नाहीत. "ऑटो पे करून टाका न ताई, दर महिन्याचं टेन्शनच नाही," म्हणाले. माझं यूपीआयवर झालं. मैत्रिणीकडं यूपीआय नाही, म्हणून तिच्या बाबांच्या एटीएम कार्डावरून बँकेचं मँडेट केलं, म्हणजे दर महिन्याला खात्यातून हप्ता कापायची परवानगी दिली, त्याला ई-नॅच म्हणतात. दोघींचा हप्ता तेवढाच, पण बंद करायची वाट पूर्ण वेगळी, आणि हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

दसऱ्यानंतर रस्ते वाळले, कपाशीची वेचणी लागली. धावायला शाळेचं मैदान मोकळं झालं, आणि घरी माणसं कमी. आम्ही जिम सोडतो म्हणून सांगायला गेलो तर मालक म्हणे, "तुमचा बारा महिन्यांचा प्लॅन हाय. मधात नाही सुटत." बाहेर महिन्याचा फलक, आत बारा महिन्यांचा प्लॅन! फॉर्मची प्रत मागितली तर दिली नाही. आमचा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. मग तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवला, पावती जपून ठेवली, आणि फोटो व्हॉट्सॲपवरही टाकला. तोंडी सांगितलेलं पुढं कोणी कबूल करत नाही, हे आता पक्कं कळलंय.

माझं काम घरी बसून झालं. यूपीआय ॲपमध्ये ऑटो पे नावाची जागा असते, तिथं चालू असलेले सगळे मँडेट दिसतात. जिमचं उघडलं, रद्द करा म्हटलं, पिन टाकला, संपलं. जिमला विचारायची गरज पडली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा हप्त्याची सूचना पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी यावी लागते. तो मेसेज आला की लगेच पाहत जा.

मैत्रिणीच्या बाबांचे मात्र हाल झाले. काकांच्या त्याच खात्यात पीक विम्याचे आणि पीएम किसानचे पैसे येतात. सोडल्यानंतरही एक हप्ता गेलाच. पुढच्या वेळी खात्यात पुरेसे पैसे नव्हते, तर हप्ता परत गेल्याचा दंड बँकेनं लावला, त्यावर १८ टक्के जीएसटी. जिममध्ये पाऊल नाही आणि खातं रिकामं. शाखेत गेलो तर खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "जिमवाल्यालेच बंद करा म्हना, आमच्या हातात नाही." काका परत निघालेच होते. वेचणीच्या बाया सोडून आलेला माणूस किती वेळ बसणार? मी म्हटलं, आपण मॅनेजर साहेबांना भेटूनच जाऊ. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. खातेदार स्वतः आपल्या बँकेत अर्ज देऊन मँडेट रद्द करू शकतो, असं त्यांनी त्या माणसासमोरच सांगितलं. अर्जात खाते क्रमांक, जिमच्या हप्त्याचं स्टेटमेंटवरचं नाव, आणि यूएमआरएन लिहायचा. यूएमआरएन म्हणजे त्या मँडेटचा स्वतःचा क्रमांक. मँडेट झाल्याच्या मेसेजमध्ये सापडतो, नाही सापडला तर बँक काढून देते. सही खातेदाराचीच लागते, मुलीची चालत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घ्या. बँकेनं ऐकलं नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फुकट. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मँडेट रद्द झालं म्हणजे खात्यातून पैसे जाणं थांबलं, जिमशी असलेला वाद आपोआप मिटला असं नाही. म्हणून सोडल्याचा लेखी अर्ज आधी, बँक नंतर. जिमवाल्यांचा आम्हाला अजून फोन येतो, उरलेले महिने भरा म्हणून. मी दर वेळी लिहूनच उत्तर देते की आमच्या सहीचा बारा महिन्यांचा कागद दाखवा. तो आजपर्यंत आलेला नाही. काकांच्या गेलेल्या हप्त्यासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून नाही जमलं तर अमरावतीला जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. ९९९ रुपयांसाठी एवढं कशाला, असं गावात काही जण म्हणाले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तेवढे रुपये व्हायला किती कापूस वेचावा लागतो, ते आमच्या घरच्या बायांना विचारा.

पैशाच्या व्यवहारासाठी पाचपैकी एक. त्यांनी फलकावर प्लॅनची मुदत लिहावी, फॉर्मची प्रत द्यावी आणि खेड्यातून येणाऱ्या पोरींकडून महिन्याचे महिन्याला रोख घ्यावेत. एवढं केलं तर पुढच्या पावसाळ्यात मी त्याच ताईकडं शिकायला परत जाईन.