प्रवेशअर्जात घरच्यांची चौकशी करणारा धावण्याचा वर्ग

साताऱ्यात केवळ महिलांसाठी चालणाऱ्या एका धावण्याच्या प्रशिक्षणवर्गाला मी गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यानंतर जाऊ लागले. त्याविषयी ओळखीच्या अनेकजणी विचारत असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वर्गाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत. शिवाय पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ज्यांना पत्ता हवा त्यांना तो नावाशिवायही मिळतो. शुल्क दरमहा बाराशे रुपये आहे. आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेपाच ते सात सराव असतो, त्यांपैकी एक दिवस ताकदीच्या व्यायामांचा आणि रविवार लांब पल्ल्याचा. वर्ग मुख्यतः सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करून घेतो, पण स्पर्धेत उतरलेच पाहिजे अशी सक्ती नाही.

माझे मत आधीच सांगते. दोन लहान मुले, घरात वडीलधारी माणसे आणि सोमवार ते शुक्रवार पुण्यात असणारा नवरा अशा परिस्थितीत वेळेची जी ओढाताण होते, ती या वर्गाला नीट कळली आहे. बाळंतपणानंतर बाईच्या शरीराचे जे होते, ते मात्र त्याला अजून पुरते कळलेले नाही.

पहिल्या बाबतीतला पुरावा म्हणजे प्रवेशाच्या वेळी भरून घेतला जाणारा अर्ज. यापूर्वी मी ज्या व्यायामशाळांत चौकशी केली होती तिथे वजन, उंची आणि ‘किती किलो कमी करायचे आहे’ हे पहिल्या ओळीत विचारले होते. इथे पहिला प्रश्न होता, सकाळी पाच ते सात या वेळात घरी मुलांजवळ कोण असते? त्याखाली शाळेच्या बसची वेळ, पाणी येण्याची वेळ, घरात कोणाचे पथ्यपाणी किंवा आजारपण आहे का, आणि महिन्यातले कोणते दिवस हमखास बुडणार आहेत, असे रकाने होते. आमच्या प्रशिक्षक मॅडमनी तो अर्ज समोर बसून वाचला आणि माझ्यासाठी बुधवारऐवजी शनिवार ठरवला, कारण बुधवारी थोरल्याची बस लवकर येते. सणवारही त्यांच्या आराखड्यात धरलेले असतात. गौरी-गणपतीच्या आठवड्यात लांब पल्ला ठेवलेला नसतो आणि ‘ज्या येतील त्यांनी अर्धा तास हलके धावावे’ एवढीच सूचना असते. ही बाब किरकोळ वाटेल, पण इंटरनेटवरून उतरवून घेतलेले सोळा आठवड्यांचे आराखडे आपल्या घरात का टिकत नाहीत, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. त्या आराखड्यांतल्या बाईला महालक्ष्मीच्या फराळाचे करावे लागत नाही.

या अर्जाचा आणखी एक परिणाम झाला. ‘मुलांजवळ कोण असते’ या रकान्यात सासूबाईंचे नाव लिहायचे, तर त्यांना विचारणे भाग होते. त्यांनी स्पष्टच सांगितले, “सकाळचं मी बघते, पण गुरुवारी संध्याकाळी मला भजनाला जायचं असतं आणि तुझ्या ऑफिसामुळं माझं ते कधीच बुडलंय.” तेव्हापासून गुरुवारी मी पाचला कचेरीतून निघते आणि त्या भजनाला जातात. आमच्या घरात यापूर्वी असे उघड देणेघेणे कधी झाले नव्हते. सगळे काही मायेच्या नावाखाली चालायचे आणि मनातल्या मनात हिशेब मांडले जायचे. शेजारच्या काकू अजूनही फाटकाशी गाठून “एवढ्या पहाटे कुठं निघालीस गं, पोरं उठत न्हाईत व्हय?” असे विचारतात, पण आता त्यांना उत्तर मी देण्याआधी सासूबाईच देतात, आणि ते फारसे मऊ नसते.

रविवारी मुलांना बरोबर आणण्याची मुभा आहे. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून एक मावशी त्यांना सांभाळतात. त्यांचा मोबदला शुल्कातूनच दिला जातो, वेगळे पैसे घेतले जात नाहीत. खेळणी फारशी नाहीत, चेंडू, रंगीत खडू आणि एक दोरी एवढेच, पण माझ्या धाकटीला तेवढे पुरते. इतक्या कमी शुल्कात ही सोय मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षणाकडे येते, कारण खरे कौशल्य तिथेच लागते. 2012 साली सुरू झालेली आणि 2015 साली गिनीज बुकात नोंद झालेली आपली स्पर्धा सपाटीवरची नाही. पोलीस परेड मैदानावरून निघून शहरातून समर्थ मंदिराकडे यायचे, बोगद्याजवळून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि तसेच परत फिरायचे, असे ते 21.0975 किलोमीटर आहेत. म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार. सपाट रस्त्यावर रोज दहा किलोमीटर धावणारीलाही हा घाट दमवतो. वर्गात सुरुवातीचे दोन महिने घाटाचे नावसुद्धा काढले जात नाही. बोलता बोलता धावता आले पाहिजे, पूर्ण वाक्य तोंडातून निघाले पाहिजे, दम लागून वाक्य तुटले तर चालायला लागायचे, हा एकच नियम असतो. त्यानंतर ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढावर लहान लहान फेऱ्या सुरू होतात आणि पावसाळा लागला की रविवारी घाट.

चढावर मॅडम पावले आखूड करायला लावतात. कंबरेत वाकायचे नाही, घोट्यापासून किंचित पुढे झुकायचे, हात मागे नीट न्यायचे आणि नजर वळणावर न ठेवता समोरच्या चार-पाच पावलांवर ठेवायची. वळण बघितले की ते संपत नाही, हे ज्या धावल्या आहेत त्यांना पटेल. उताराचा सराव त्या वेगळा घेतात आणि माझ्या मते या वर्गाचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, त्यामुळे चढापेक्षा उतारानेच दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. हा त्रास थोड्या थोड्या उतारसरावाने पुष्कळ कमी होतो, कारण स्नायू त्या भाराला सरावतात. बहुतेक जणी उतार फुकटचा समजून सुसाट सुटतात आणि गुडघे धरून बसतात.

श्रावणात घाटात सकाळी धुके इतके असते की पुढच्या बाईच्या जाकिटावरची चमकणारी पट्टी तेवढी दिसते. कठड्याला शेवाळ, रस्त्याच्या कडेने वाहणारे लाल पाणी, आणि कासकडे निघालेल्या गाड्यांचे पिवळे दिवे एकदम अंगावर येतात. वर्गाने अशा दिवसांसाठी काटेकोर नियम केले आहेत. जाकीट आणि शिटी असल्याशिवाय घाटात येऊ देत नाहीत, समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने एका रांगेत धावायचे, कानात गाणी लावायची नाहीत, आणि सर्वांत मागे एक प्रशिक्षिका दुचाकीवरून येत असते. सुरक्षेच्या बाबतीत मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. स्वच्छतागृहाची अडचण मात्र आहे. पहाटे साडेपाचला मैदानावरचे कुलूपबंद असते, आणि पाळीच्या दिवसांत त्यामुळे अनेकजणी घरीच राहतात. जवळच्या एखाद्या मंगल कार्यालयाशी बोलून ही व्यवस्था करणे वर्गाला अवघड जाऊ नये.

शरीराच्या बाबतीतली माझी तक्रार अधिक गंभीर आहे. आमच्या तुकडीत निम्म्याहून अधिक जणी मुले झालेल्या आहेत, आणि उड्या मारताना किंवा उतारावर धावताना लघवीचे थेंब सुटणे हा आमच्यापैकी कित्येकींचा अनुभव आहे. यावर वर्गात जे उत्तर मिळाले ते ‘होतं तसं, पॅड वापरा’ एवढेच होते. हे सर्रास आढळते हे खरे, पण ते सोसत राहावे असे मुळीच नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणले जातात आणि योग्य व्यायामांनी ते पुष्कळदा पुन्हा बळकट होतात. 2019 साली ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर प्रसूतीनंतर किमान बारा आठवडे धावू नये आणि त्यानंतरही या स्नायूंची तपासणी करूनच सुरुवात करावी, असे सुचवले आहे. आमच्या तुकडीत एक जण बाळ दोन महिन्यांचे असताना आली होती आणि तिला ताकदीच्या दिवशी सगळ्यांबरोबर उड्या मारायला लावल्या गेल्या. प्रवेशअर्जात शाळेच्या बसची वेळ विचारणाऱ्यांनी शेवटची प्रसूती कधी झाली आणि टाके होते का, हेही विचारायला हवे.

तीच गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. म्हणजे दहा जणींच्या रांगेत पाच-सहा जणी कमी हिमोग्लोबिन घेऊन घाट चढत असण्याची शक्यता आहे. अशा बाईला दम लागतो तो सरावाच्या कमतरतेने लागतो असे समजून तिला आणखी फेऱ्या मारायला लावणे बरोबर नाही. साधी रक्ततपासणी करून यायला सांगणे एवढेच करायचे आहे. त्याऐवजी वर्गाने आम्हाला आहाराचा जो छापील तक्ता दिला, त्यात ओट्स, ब्लूबेरी आणि ॲव्होकाडो होते! मंडईत जे मिळत नाही ते तक्त्यात कशाला? ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी किंवा चवळीची पालेभाजी आणि वर लिंबू, मोड आलेली मटकी, धावायला निघण्यापूर्वी दोन खजूर, आल्यावर शेंगदाण्याचा लाडू आणि दूध, असे कोणी लिहून दिले असते तर त्या तक्त्याचा उपयोग झाला असता.

मनाच्या बाबतीत मात्र या वर्गाकडून मला अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले. धाकटीच्या जन्मानंतर मला झोप लागेनाशी झाली होती, विनाकारण रडू यायचे, आणि मुलीला उचलून घेण्याचीही इच्छा होत नसे. मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि बरीच सुधारणा झाल्यावर डॉक्टरांनीच नियमित व्यायाम सुचवला, म्हणून मी इथे आले. प्रवेश घेताना हे सांगावे की नाही अशी धाकधूक होती. मॅडमनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत. पळून बरं वाटलं तरी नाही.” ‘धावा, सगळे ठीक होईल’ असा उपदेश ऐकायची तयारी करून गेलेल्या बाईला हे ऐकून केवढे हायसे वाटले असेल! वाईट दिवस आजही येतात, आणि अशा दिवशी मी मैदानावर नुसती चालून परत येते. का धावली नाहीस असे कोणी विचारत नाही. ज्यांना अशा वेळी कोणाशी बोलावे हे सुचत नाही, त्यांच्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा शासकीय क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो वर्गाच्या सूचनाफलकावर लावलेला आहे, हेही नोंदवण्यासारखे आहे.

याच्या अगदी उलट वागणूक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर दिसते. दर रविवारी दुपारी सर्वांच्या वेळा सर्वांत वेगवान बाईचे नाव वर ठेवून क्रमाने टाकल्या जातात, खाली टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि रात्रभर तापलेल्या मुलाजवळ जागून आलेल्या बाईचे नाव सगळ्यांत खाली असते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करण्याची पद्धतही बंद व्हावी. मी हरकत घेतल्यावर मला सूट मिळाली, पण ती प्रत्येकीला मागावी लागू नये. माण तालुक्यातील मोहीसारख्या दुष्काळी गावातून निघून 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर यांचे उदाहरण आम्हाला वारंवार दिले जाते. त्यांच्याविषयी प्रत्येक सातारकराला अभिमान आहे, मलाही आहे. पण त्यांचे उदाहरण देऊन कचेरी आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईच्या वेळा मोजू नयेत.

शुल्काबाबत एकच सांगायचे आहे. मूल आजारी पडून दोन आठवडे बुडाले तरी पैसे पुढच्या महिन्यात धरले जात नाहीत. घरच्या अडचणी इतक्या बारकाईने विचारून घेणाऱ्या वर्गाला हे शोभत नाही.

ज्यांची मुले दीड-दोन वर्षांच्या पुढची आहेत, ज्यांना घाट धावून बघायचा आहे आणि एकटीने पहाटे बाहेर पडायला भीती वाटते, त्यांनी इथे अवश्य यावे. नुकत्याच बाळंत झालेल्यांनी आणि गुडघ्याचे किंवा कंबरेचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे आणि त्यांनी लिहून दिलेले मॅडमच्या हातात द्यावे. लेखी दिले तर त्या पाळतात. नवी तुकडी पाडव्यानंतर भरते, स्पर्धेची नोंदणी मात्र स्पर्धेच्या पुष्कळ आधी उघडते आणि लवकर भरते, तेव्हा दोन्हींवर लक्ष ठेवावे. बूट पहिल्याच आठवड्यात महागडे घेऊ नयेत. महिनाभर आहेत त्यात धावून मग मॅडमना पाय दाखवून घ्यावेत, त्या दुकानाची शिफारस करत नाहीत आणि कमिशनही घेत नाहीत. पावसाळ्यासाठी जाकीट, शिटी आणि मोज्यांचा एक जादा जोड तेवढा आधीपासून पिशवीत असू द्यावा.